पुढची चाकं ओढतात, तोल मागे ठरतो

जालना जिल्ह्यात गाडीच्या सस्पेन्शनची परीक्षा एकाच दिवसात दोनदा होते. घनसावंगीकडच्या एखाद्या वाडीतून सकाळी निघालेली हॅचबॅक आधी काळ्या मातीवर टाकलेल्या डांबरी रस्त्याच्या लाटा खाते, गावोगावच्या गतिरोधकांवर इंजिनखालचा चेंबर घासते आणि त्याच सकाळी समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ताशी 120 च्या वेगानं पळायला लागते. दोन्हीकडे तीच स्प्रिंग, तेच शॉकअप, तेच टायर. माझं अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं दुकान जालन्यात अंबड चौफुलीच्या बाजूला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून गिऱ्हाइकांची तक्रारच बदलली. आधी लोक विचारायचे, ‘खडखड कुठून येतेय बघा.’ आता विचारतात, ‘वेगात गाडी तरंगते, वळणाला बाहेर पळते, काय बदलू?’

या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळणाऱ्या वस्तूंच्या नावात शोधलं की पैसा जातो आणि गाडी तशीच राहते. लोअरिंग स्प्रिंग, कॉइलओव्हर, स्ट्रट बार, रुंद टायर, स्प्रिंगच्या वेढ्यात अडकवायचे रबरी बफर यांपैकी प्रत्येक वस्तू कुठल्या तरी गाडीला, कुठल्या तरी रस्त्यावर उपयोगी पडत असेल. आपल्या गाडीला काय हवं हे ठरवायचं तर पुढच्या चाकांनी चालणारी गाडी वळताना नेमकं काय करते, ते आधी समजून घ्यायला हवं.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी रीत होती. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोचली. इंजिन आडवं ठेवून पुढचीच चाकं फिरवायची ही मांडणी ब्रिटनमध्ये 1959 साली ॲलेक इसिगोनिस यांच्या ‘मिनी’नं लोकप्रिय केली होती. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट गेला, आत पाय ठेवायला जागा झाली, वजन घटलं, किंमत घटली. आज एमएच-21 पासिंगच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान याच घराण्यातल्या आहेत. संभाजीनगर रस्त्याला शेंद्र्याच्या एमआयडीसीत 2001 मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला. तिथं जुळणी झालेली पहिली ऑक्टाव्हियाही पुढच्याच चाकांनी चालायची. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात, मागे दोन हातांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम, ही तिची ठेवण. स्विफ्टचीही ठेवण ढोबळमानानं तीच आहे. तरी ती ऑक्टाव्हिया रस्त्याला जशी चिकटून चालायची, तशी साधी हॅचबॅक चालत नाही. फरक वजनात, चाकांमधल्या अंतरात, बुशांच्या रबरात आणि शॉकअप-स्प्रिंगच्या जुळणीत आहे. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, कुठला पार्ट आहे यापेक्षा तो कशाशी जुळवलाय हे बघा.

रिकाम्या हॅचबॅकचं साधारण 60 टक्के किंवा त्याहून थोडं जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. ब्रेक मारला की ते आणखी पुढे सरकतं. वळवायचं पुढच्याच चाकांनी, ओढायचं पुढच्याच चाकांनी आणि थांबवण्याचा मोठा वाटाही त्यांचाच. एका पगारात तीन घरं चालवावीत तशी पुढच्या टायरची गत असते. वळणात ॲक्सिलरेटर दाबला की पकडीचा काही भाग ओढण्यात खर्च होतो आणि वळवायला तेवढी पकड कमी उरते. गाडीचं नाक बाहेरच्या कडेकडे जायला लागतं. स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी फरक पडत नाही, नुसता टायर किंचाळतो. इंग्रजीत ज्याला अंडरस्टिअर म्हणतात, तो हाच.

कारखाने हा स्वभाव मुद्दाम ठेवतात आणि माझ्या मते बरोबरच करतात. सामान्य माणूस घाबरला की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. नाक बाहेर चाललेल्या गाडीत पाय काढला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरला पकड मिळते आणि गाडी परत रेषेवर येते. शेपूट बाहेर गेलेल्या गाडीला सावरायला सराव लागतो. तेव्हा अंडरस्टिअर पुसून टाकायचा नसतो, थोडा कमी करायचा असतो.

समृद्धीवरून जालन्याला उतरताना गोल वळण लागतं. वेग तिथेच लोकांना फसवतो. दोन तास 120 वर पळाल्यानंतर 60 म्हणजे रांगल्यासारखं वाटतं. समजा वळणाची त्रिज्या 50 मीटर आहे. ताशी 40 ला गाडी बाहेर फेकणारी ओढ तिच्या वजनाच्या पाव भाग असते. 60 ला ती निम्म्याच्या वर जाते, कारण वेग दीडपट झाला की ओढ सव्वादोनपट होते. त्यात पहिल्या पावसानं धुळीचा चिखल झालेला असेल, तर साध्या टायरची पकड तिथंच संपते. कुठलीही स्प्रिंग हे गणित बदलू शकत नाही.

आता थोडा हिशोब करू, कारण सगळी निवड याच्यावर उभी आहे. गाडी 900 किलोची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटीमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर. वजनाच्या निम्म्या ओढीनं ती वळतेय. अशा वेळी आतल्या चाकांवरचे 165 किलो बाहेरच्या चाकांवर जातात. स्प्रिंग कितीही कडक करा, हे 165 किलो कमी होत नाहीत. गाडी कमी कलंडते म्हणून कमी वजन सरकलं असं आत बसलेल्याला वाटतं, पण सरकणारं वजन मुख्यतः उंची, रुंदी आणि वेगावर ठरतं. स्प्रिंग आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलंडणं आवरणारा अँटी-रोल बार एवढंच ठरवतात की त्या 165 पैकी पुढच्या जोडीतून किती सरकायचे आणि मागच्या जोडीतून किती.

हीच मेख आहे. टायरवरचं वजन दुप्पट केलं तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर थोडं वजन असतं, त्या जोडीची एकूण पकड घटते. पुढची बाजू कडक केली तर पुढच्या जोडीत जास्त वजन सरकतं आणि आधीच तीन कामांनी थकलेले पुढचे टायर आणखी लवकर हार मानतात. मागची बाजू थोडी कडक केली तर उलटं होतं. मागच्या जोडीनं जास्त वाटा उचलला की पुढचं आतलं चाक जमिनीला दाबून राहतं आणि गाडी वळायला राजी होते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा वळणातला तोल मागच्या बाजूला ठरतो, तो असा. 1974 मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फच्या जीटीआय मॉडेलचे शर्यतीतले फोटो पाहिले तर वळणात मागचं आतलं चाक सरळ हवेत दिसतं. मागच्या चाकाला ओढायचं काम नसल्यामुळे ते उचललं गेलं तरी जोर वाया जात नाही.

यावरून सगळ्यांना मागचा अँटी-रोल बार विकायला मी बसलेलो नाही. काही गाड्यांच्या टॉर्शन बीमला बोल्टनं बसणारा जादा बार मिळतो. चांगल्या टायरवर, चांगल्या शॉकअपवर तो गाडीत खरोखर जीव आणतो. पण जालन्याच्या रस्त्यावर ओल्यात एक वेगळीच वेळ येते. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढतो आणि चाकांची काळी माती वळणावर सांडून जातो. ती माती भिजली की साबण होते. मागून जास्त कडक केलेली गाडी तिथं आली आणि चालकानं घाबरून एकदम पाय काढला, तर पुढची पकड वाढते, मागची हलकी होते आणि शेपूट फिरतं. मागचे टायर गुळगुळीत असतील तर विचारूच नका. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर तो एकेका चाकाचा ब्रेक लावून सावरतो, जुन्या गाड्यांत तोही नाही. म्हणून ज्या गाडीला घरातले तिघं-चौघं चालवतात, तिला मी मागचा जाड बार बसवत नाही.

घनसावंगी तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदाराचा मुलगा आपली लाल स्विफ्ट घेऊन आला, तेव्हा हे सगळं बोलणं झालं. त्यानं मोबाइलवर गाड्या पाहून बेत पक्का केला होता.

“काका, गाडी दोन बोटं खाली बसवायची. स्प्रिंग कापून दिल्या तरी चालतील.”

“कशासाठी रे?”

“अजिंठ्याच्या घाटात वळणाला ऐकत नाही. आणि समृद्धीवर लई तरंगते.”

मी गाडी लिफ्टवर घेतली. त्याला खाली बोलावलं, टॉमी हातात दिली आणि लोअर आर्मच्या मागच्या बुशात घालून हलकेच दाबायला सांगितलं. रबर अर्ध्यापर्यंत फाटलेलं होतं. आर्म बोटभर पुढे-मागे सरकत होता. म्हणजे ब्रेक मारला की ते चाक मागे जाणार, ॲक्सिलरेटर दिला की पुढे, आणि प्रत्येक वेळी चाकाची दिशा बदलणार. उजव्या लिंक रॉडचा बॉल ढिला होता, म्हणजे पुढचा अँटी-रोल बार उजवीकडे नुसता लटकला होता. डाव्या शॉकअपवर तेल ओघळून त्यावर धुळीचा थर बसला होता. मागचे टायर बाहेरून बरे दिसत होते, पण हवा चार चाकांत चार प्रकारची. त्या मुलाला कमकुवत वाटणारी गाडी मुळात कारखान्यातून निघाली तशी उरलेलीच नव्हती. अशा गाडीला नव्या स्प्रिंग घालणं म्हणजे फाटलेल्या बुशावर आणखी कडक धक्के टाकणं.

सस्पेन्शनवर खर्च करायचा असेल त्या प्रत्येकाला मी हेच आधी करायला लावतो. लोअर आर्मची बुशं, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड, स्ट्रटचं वरचं माउंटिंग. एक लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत यातलं निम्मं बदललं तरी ती वेगळी गाडी वाटते. या कामाचे फोटो काढून कुणी मिरवत नाही, म्हणून ते मागे पडतं.

स्प्रिंग कापण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या भागात हे फार चालतं. जालना हे सळईचं गाव. इथल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल्समधून निघालेली 8, 10, 12 मिलिमीटरची सळई महाराष्ट्रभर जाते, त्यामुळे लोखंडाची जाडी इथल्या पोरांना डोळ्यांनी कळते. स्प्रिंगचं गणितही जाडीचंच आहे. तारेची जाडी 12 वरून 13 मिलिमीटर केली की स्प्रिंग सुमारे 38 टक्के कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. सहा कामाच्या वेढ्यांमधला एक कापला की ती 20 टक्के कडक होते. पण कापलेली स्प्रिंग आखूडही होते. खड्ड्यात चाक पूर्ण लटकलं की ती आपल्या बैठकीवरून सुटते आणि परत बसताना वाकडी बसू शकते. काही ठिकाणी गॅसची ज्योत मारून स्प्रिंग बसवतात, ते तर याहून वाईट. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक तापमानाला पाणी दिलेलं असतं. ज्योत लागली तिथं ते गेलं. मग स्प्रिंग दिवसेंदिवस बसत जाते किंवा तुटते.

कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंग कापलेल्यांपेक्षा चांगल्या, पण गाडी खाली बसवण्याचे दोष त्यांनाही चुकत नाहीत. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला असतो. गाडी खाली आणली की तो बाहेरच्या टोकाला वर झुकतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि कलंडवणारा हात लांब होतो. म्हणजे गाडी खाली आली, तरी कलंडायची ओढ हवी तेवढी कमी झाली नाही. शिवाय शॉकअपची वर जायची जागा कमी उरते. वळणात खड्डा आला की ते रबरी स्टॉपवर आपटतं, त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि टायर सुटतो.

आणि गतिरोधक? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी 25 च्या वेगासाठीचा गोल गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा असं दिलंय. एवढ्या रुंदीवर उंची हळूहळू चढते. गावकऱ्यांनी लेकरांच्या काळजीनं रातोरात टाकलेला गतिरोधक हातभरच रुंद असतो, उंची मात्र तेवढीच. मागच्या पिढीतल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि डिकीत मोसंबीचे क्रेट टाकल्यावर त्यातून दोन बोटं कमी करायला उरतं काय?

उलट्या बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. चेंबर लागतो म्हणून लोक स्प्रिंगच्या वेढ्यात रबरी बफर अडकवतात. गाडी उचलली जाते, मालक खूश होतो. पण बफर बसला त्या जागेचा वेढा दबायचा बंद होतो, म्हणजे स्प्रिंग कडक होते आणि तिचा जोर एका जागी एकवटतो. शॉकअप मात्र जुन्या मऊ स्प्रिंगसाठी भरलेलं असतं. कडक स्प्रिंगनं परत मारलेली उसळी त्याला धरवत नाही आणि गाडी टणाटण उडायला लागते. बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्यांना हा इलाज हमखास सुचवला जातो, कारण 60-70 किलोचं सिलिंडर मागे कायमचं बसलेलं असतं. तिथं मी वेगळा रस्ता धरतो. त्याच मॉडेलची कारखान्यातून सीएनजी घेऊन निघालेली गाडी असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंग आणि शॉकअपचे पार्ट नंबर तपासायचे, जुळत असतील तर ती जोडी बसवायची. कंपनीच्या इंजिनिअरांनी ते वजन धरून जुळणी केलेली असते. मागची बाजू मूळ उंचीवर येते, रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा हेडलाइटचा झोतही खाली येतो.

शॉकअप हा या सगळ्यात मला सर्वांत जवळचा विषय. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेली ऊर्जा ती परत देते. त्या ऊर्जेची उष्णता करून ती संपवणं हे शॉकअपचं काम. आपल्या जिल्ह्यात ते जास्त का लागतं, याचं कारण जमिनीत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. वरचा डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लांब लाटांचा होतो. मंठ्याकडे जाताना ताशी 80 ला अशी लाट लागली की आधी नाक उचलतं, मग मागची बाजू, मग दोघांची चढाओढ सुरू होते आणि मागच्या सीटवरच्या आजीला मळमळायला लागतं. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.45 मीटरचं अंतर आहे. ताशी 80 ला पुढच्या चाकाला लागलेली लाट मागच्याला सेकंदाच्या साधारण नवव्या हिश्श्यानंतर लागते. 1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी यावर बरंच काम केलं. मागच्या बाजूचा हेलकावा पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवला, तर उशिरा सुरू झालेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि नाक-शेपटीचा झोपाळा लवकर सपाट होतो, असं त्यांनी दाखवलं. आजही गाड्यांची जुळणी करणारे हे सूत्र वापरतात. कुणी पुढच्या दोनच स्प्रिंग कडक केल्या की ही जुळणी मोडते आणि गाडी त्याच लाटेवर आधीपेक्षा जास्त डुलते.

चांगलं शॉकअप हळू हालचाल आणि झटका यांना वेगळं वागवतं. वळणात गाडी कलंडते किंवा लाटेवर उचलते, तेव्हा आतला पिस्टन हळू चालतो. तिथं शॉकअपनं घट्ट धरायला हवं. फुटलेल्या डांबराची कड लागते तेव्हा पिस्टन झटक्यानं चालतो. तिथं त्यानं वाट द्यायला हवी, नाहीतर धक्का थेट बॉडीत. स्वस्त कडक शॉकअप दोन्हीकडे कडकच राहतं. समृद्धीवर ते छान वाटतं आणि भोकरदनच्या आतल्या रस्त्यावर टायरला उड्या मारायला लावतं, मग पकड उरत नाही. बिल्स्टीनचं बी6 हे मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी8 हे आखूड, खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी असतं. आपल्याकडे उपयोगाचं पहिलं. कोनीच्या काही शॉकअपमध्ये जलद झटक्याला आपोआप वाट देणारी झडप असते, तीही आपल्या रस्त्यांना मानवते. पण ही आयात वस्तू महाग पडते आणि प्रत्येक मॉडेलला मिळत नाही. 1961 पासून देशात शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलचं किंवा गाडीच्या कंपनीचं अस्सल शॉकअप, चारही बाजूंना नवं, माउंटिंगसकट, एवढ्यानं दहापैकी आठ गिऱ्हाइकांचं काम भागेल असं माझं ठाम मत आहे. एकच बदलू नका. निदान जोडी बदला.

टायरचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मागच्या पिढीतल्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर14 टायर यायचे, वरच्याला 185/65 आर15. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, 62 सेंटीमीटर. त्यामुळे वरच्या मॉडेलचं चाक खालच्याला बसवलं तर स्पीडोमीटर चुकत नाही आणि रुंदी 20 मिलिमीटरनं वाढते. हा बदल मला पटतो. त्यापुढे जाऊन 17 इंची चाकं घातली की टायरची भिंत बारीक होते आणि खड्ड्याची कड थेट रिमला लागते. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घाला, मग गाडी पुढच्या चाकांनी का चालेना. पुढचे घसरले तर कळतं आणि सावरता येतं, मागचे घसरले तर वेळ मिळत नाही. कायद्यानं खाचेची खोली किमान 1.6 मिलिमीटर लागते. 120 च्या रस्त्यावर पावसात मी 3 च्या खाली भरवसा ठेवत नाही. हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बहुतेकांनी वाचलेलाही नसतो.

अलाइनमेंटमध्ये दोन गोष्टी बघायच्या. चाकांची वरची टोकं आत झुकलेली असली तर वळणात बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. पुढे एक अंश झुकाव साध्या गाडीला पुरतो आणि टायर खात नाही. टायर खातो तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर. बाहेर ठेवली तर गाडी चटकन वळते, पण समृद्धीवर सरळ चालायला तयार नसते, सतत स्टिअरिंग धरून ठेवावं लागतं. आपल्या लोकांनी शून्य किंवा नाममात्र आत, एवढंच ठेवावं.

बॉनेटखाली दोन स्ट्रटना जोडणारा चकचकीत बार मागणारेही येतात. आजच्या गाड्यांची बॉडी तिथं मुळातच भक्कम असते. साध्या रस्त्यावर त्या बारचा फरक हाताला लागत नाही, म्हणून मी तो पैसा टायरकडे वळवायला सांगतो.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तिकेतला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे कलम कडकपणे लावून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मूळ मापाचं नवं शॉकअप किंवा बुश ही दुरुस्ती आहे, त्याला अडचण नाही. उंची, चाकाचं माप किंवा ठेवण बदलायची असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर सगळा भार घरावर येतो.

त्या लाल स्विफ्टला शेवटी लोअर आर्मची दोन्ही बाजूंची बुशं, लिंक रॉड, चार शॉकअप माउंटिंगसकट, 185 चे चार टायर आणि अलाइनमेंट एवढं केलं. स्प्रिंग मूळच्याच ठेवल्या. मुलगा नाराज होता, कारण गाडी बाहेरून होती तशीच दिसत होती. त्याला म्हटलं, आधी अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरपर्यंत जा, घरी येताना डिकी भरून ये आणि मग सांग. मागच्या बारचं पाहिजे तर पुढच्या पावसाळ्यानंतर बोलू, ही गाडी ओल्यात कशी वागते हे तुझ्या हाताला कळल्यावर. त्याचा फोन आला तो घाटातूनच. वळणात स्टिअरिंग फिरवलं तेवढंच नाक वळतं, मधेच आणखी फिरवावं लागत नाही, असं तो सांगत होता. बार अजून मागितलेला नाही.

हे काम कुठेही करून घ्या, एका गोष्टीवर उभं राहून लक्ष ठेवा. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसं केलं तर गाडी खाली उतरताच बुशाचं रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, उंची चुकते आणि नवं बुश थोड्याच महिन्यांत फाटतं. गाडी चाकांवर उभी करून, दोन-तीनदा दाबून, बसू देऊन, मगच टॉर्क रेंचनं शेवटचा आवळ द्यायचा. मेस्त्री घाईत असेल तर त्याला थांबवायला संकोच करू नका. चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्या, कारण तोवर नवी रबरं आपापल्या जागी बसलेली असतात आणि टोचा आकडा थोडा सरकलेला असतो.